झेरॉक्स नव्हतं तेव्हा हाताने इतिहास उतरवून घेणारे वि. का. राजवाडे, आणि त्यांचं धुळं

धुळं असो की जळगाव, कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानांची रांग ठरलेली. परीक्षा जवळ आली की तिथे उभं राहायला जागा नसते. नोट्स, जर्नल, ड्रॉइंगच्या शीट, सगळ्याच्या प्रती धडाधड निघत असतात.

अशा वेळी कधीतरी एक गंमत घडते. फिकट निळ्या चौकटींच्या आलेख कागदावर काढलेली आकृती मशीनमधून बाहेर येते. आकृती जशीच्या तशी असते, आकडे असतात, पेन्सिलच्या काळ्या रेघाही असतात. चौकटी मात्र गायब!

हा मशीनचा दोष नाही. असा कागद मुद्दाम तसाच बनवलेला असतो. चौकटी हाताला वळण लावायला असतात, म्हणजे रेघ सरळ येते आणि अंतर बरोबर पडतं. काम झालं की त्यांची गरज संपते, म्हणून त्या प्रतीत येत नाहीत.

कुठल्याही चांगल्या प्रतीचा नियम हाच आहे. मुळात जे आहे ते आलं पाहिजे आणि प्रत काढणाऱ्याने आपल्या सोयीसाठी जे वापरलं ते येता कामा नये.

मशीनला हे रंगाच्या जोरावर जमतं. माणसाला जमतं का? एका माणसाने आपलं जवळजवळ सगळं आयुष्य या कामात घातलं. ३१ डिसेंबर १९२६ ला त्याने धुळ्यात शेवटचा श्वास घेतला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

निळी रेघ जाते कुठे?

राजवाड्यांकडे वळण्याआधी ती निळी रेघ नेमकी का गायब होते, ते बघू.

छपाईसाठी पानांचे फोटो काढायला पूर्वी जी फिल्म वापरायचे, तिला निळा प्रकाश चांगला दिसायचा आणि लाल जवळपास दिसायचाच नाही. पांढऱ्या कागदावरून सगळ्या रंगांचा प्रकाश परत येतो, त्यात निळाही असतो. फिकट निळ्या रेघेवरूनही निळा प्रकाश भरपूर परत येतो. त्यामुळे फिल्मला कागद आणि रेघ यात फरकच कळायचा नाही. लाल रेघ मात्र तिला काळी दिसायची.

जुन्या झेरॉक्स मशीनमधल्या सेलेनियमच्या ड्रमचंही साधारण तसंच होतं. ड्रमवर आधी विजेचा भार दिलेला असतो. पानावरून जिथे उजेड परत येतो तिथला भार निघून जातो. जिथे काळं असतं तिथला भार टिकतो आणि काळी पूड तिथेच चिकटते. फिकट निळ्या रेघेवरून पुरेसा उजेड परत येत असल्याने तिथे पूड चिकटत नाही.

ऑफसेट छपाईच्या दिवसांत वर्तमानपत्रांची पानं अशाच फिकट निळ्या चौकटींच्या कागदावर जुळवली जायची. आताच्या डिजिटल आणि रंगीत मशीनला मात्र ही रेघ दिसू शकते, म्हणून ही गंमत कमी होत चालली आहे.

हे तंत्र आपल्या मानाने अगदी अलीकडचं. अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी या पद्धतीने पहिली प्रत काढली ती २२ ऑक्टोबर १९३८ ला. त्यातून ऑफिसात वापरता येईल असं झेरॉक्स ९१४ हे मशीन आलं १९५९ मध्ये. तोवर राजवाड्यांना जाऊन तेहतीस वर्षं होत आली होती. त्यांच्या काळात प्रत हवी असेल तर उपाय एकच होता, बसून लिहून काढणं.

दोऱ्यांच्या रेघा आणि कागदाची घडी

मशीन नव्हतं, पण न दिसणाऱ्या रेघा तेव्हाही होत्या.

जुनी हस्तलिखित पोथी बघितली तर ओळी इतक्या सरळ असतात की आश्चर्य वाटतं, आणि पानावर आखलेली रेघ मात्र सापडत नाही. युक्ती साधी होती. एका फळीवर किंवा पुठ्ठ्यावर सारख्या अंतराने दोरे ताणून बसवायचे. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबत न्यायचा. दोऱ्यांच्या वळ्या कागदावर उमटायच्या. लेखक त्या वळ्यांच्या आधाराने लिहायचा. शाई नसल्यामुळे लिहून झाल्यावर त्या नजरेलाही येत नसत.

मोडी पत्रांचंही तसंच. समास सोडायला कागदाला उभी घडी घालायची, की डावीकडची जागा आपोआप राखली जायची. ओळीची शिरोरेघ मात्र आधीच एका दमात डावीकडून उजवीकडे ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. बोरूची लेखणी, काजळाची शाई आणि खळ देऊन घोटलेला कागद. या तीन गोष्टींवर मराठ्यांचा सगळा कारभार चालला.

हेच कागद पुढे राजवाड्यांच्या हाती यायचे होते.

वरसईचा मुलगा

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण थांबत, अडखळत झालं. १८९० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. आपण ज्या शाळा-कॉलेजांत शिकलो तिथे काय शिकवलं आणि काय नाही, यावर त्यांनी पुढे एक लांबलचक लेख लिहिला. त्यात कुणाचीही भीडभाड ठेवली नाही. हा स्वभाव शेवटपर्यंत तसाच राहिला.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ शिकवून झालं, पण नोकरीत मन रमलं नाही. ऐन तारुण्यात पत्नी वारली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. संसार नाही, नोकरी नाही, जमीनजुमला नाही. जगातलं ज्ञान मराठीत यावं म्हणून त्यांनी 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चं त्यांनी केलेलं भाषांतर त्यातलंच. मासिक काही वर्षांत बंद पडलं.

इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, पण आयुष्यभराचं लेखन त्यांनी मराठीत केलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर नाव लवकर झालं असतं. ती वाट त्यांनी धरली नाही.

वाईचा गठ्ठा

मराठ्यांच्या इतिहासाचं तेव्हा काय चाललं होतं? ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा इतिहास १८२६ साली आला होता आणि बहुतेकांचा आधार तोच होता. त्याशिवाय होत्या बखरी. बखर वाचायला रंगतदार असते, पण बऱ्याचशा बखरी घटना होऊन गेल्यावर, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या होत्या.

राजवाड्यांना वाईत जुन्या पत्रांचा मोठा साठा मिळाला. ही पत्रं होती पानिपतच्या आगेमागे, १७५० ते १७६१ च्या काळात लिहिलेली. कोण कुठे तळ देऊन आहे, पैसा किती तुटला, कुणाची फौज कुठवर आली, हे त्या त्या दिवशी त्या त्या माणसांनी लिहिलेलं. त्यात नंतरची रंगरंगोटी नव्हती.

राजवाड्यांनी ही पत्रं उतरवून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचा पहिला खंड काढला. प्रस्तावनेत त्यांनी पत्रं आणि बखरी शेजारी शेजारी ठेवल्या आणि बखरी कुठे कुठे चुकतात, डफ कुठे चुकतो, ते दाखवून दिलं. शहाण्यासुरत्या लोकांना धक्का बसला.

ते या कामात एकटे नव्हते. काशीनाथ नारायण साने, वासुदेवशास्त्री खरे, दत्तात्रय बळवंत पारसनीस ही मंडळीही जुने कागद छापत होती. पण हे काम कसं करायचं आणि कशासाठी करायचं, याची तर्कसंगत मांडणी राजवाड्यांच्या प्रस्तावनांतून झाली.

कागद दाखवायला लोक घाबरत का?

पहिल्या खंडानंतर राजवाडे बाहेर पडले ते कायमचेच. गावोगावचे वाडे, मठ, देवळं, कुलकर्ण्यांची आणि देशमुखांची घरं. कुठे दप्तर माळ्यावर धूळ खात पडलेलं, कुठे वाळवीने अर्धं खाल्लेलं, कुठे रद्दी म्हणून विकायच्या बेतात.

आणि दप्तर असलं तरी ते कुणी सहज दाखवत नसे. त्याला कारण होतं. १८५० च्या दशकात इंग्रज सरकारने इनाम कमिशन नेमून लोकांच्या इनामांचे कागद तपासले आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून कितीतरी इनामं काढून घेतली होती. ती आठवण घराघरांत ताजी होती. कुणी अनोळखी माणूस येऊन जुने कागद मागायला लागला की पोटात गोळा यायचा. कागद बाहेर गेला आणि जमीन गेली तर?

त्यामुळे मूळ कागद मिळणं ही एक लढाई आणि तो घरी नेऊ देणं ही दुसरी. अनेक वेळा तिथेच बसून उतरवून घेण्याशिवाय गत्यंतर नसायचं. म्हणजे नक्कल चुकली तर पुन्हा पडताळायची संधी मिळेलच असं नाही.

मोडीची नक्कल करणं म्हणजे काय?

हे काम ऐकायला कारकुनी वाटतं. प्रत्यक्षात पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात.

पहिली अडचण लिपीची. मोडीत लेखणी न उचलता भरभर लिहितात. शब्द संपला की जागा सोडायची पद्धत नाही. ओळभर अक्षरं एकाला एक लागून येतात. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचं. विरामचिन्हंही नाहीत, म्हणून वाक्य कुठे संपलं हेही त्यानेच ओळखायचं.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. मोडीत हा भेद पाळत नाहीत. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, उतरवताना मात्र कुठली वेलांटी द्यायची हे ठरवावं लागतं. म्हणजे नक्कल करणाऱ्याचा हात तिथे लागतोच.

तिसरी आणि सगळ्यात अवघड अडचण तारखेची. मराठी पत्रांत साल बहुधा शुहूर पद्धतीचं असायचं, तेही आकड्यांत नाही तर अरबी शब्दांत. इहिदे सितैन मया व अलफ असं लिहिलेलं असेल तर इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. झाले ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे १७६०-६१. पानिपतचं वर्ष!

हे साल लिहिलेलं असेल तर नशीब. कितीतरी पत्रांत नुसता चंद्र आणि महिना असतो. 'छ' हे अक्षर, पुढे चंद्राचा दिवस आणि मुसलमानी महिन्याचं नाव. साल नाहीच, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीतच होतं. दीडशे वर्षांनी वाचणाऱ्याने ते मजकुरावरून शोधायचं. पत्रात कुणाचा उल्लेख आहे, तो माणूस तेव्हा जिवंत होता का, फौज त्या महिन्यात कुठे होती. अशा दहा गोष्टी जुळवल्यावर एक तारीख हाती लागते. राजवाड्यांनी लावलेल्या तारखांत चुका झाल्या, त्यांतल्या काही पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त केल्या. त्या दुरुस्त करता आल्या, कारण पत्राचा मजकूर समोर होता.

इथे त्यांचा आग्रह महत्त्वाचा ठरतो. छोटं चिटोरंसुद्धा टाकायचं नाही. आज निरुपयोगी वाटतं म्हणून गाळायचं नाही. भाषा अशुद्ध वाटली म्हणून सुधारायची नाही.

न सुधारण्याचा फायदा काय, याचं उत्तर आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत मिळतं. तिथे राजवाड्यांनी वेगवेगळ्या काळातली पत्रं घेऊन त्यांतले फारसी आणि मराठी शब्द चक्क मोजले. १६२८ च्या पत्रात दर शंभरात ऐंशीहून जास्त शब्द फारसी निघाले. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतल्या, १६७७ च्या पत्रात ते प्रमाण चाळिसाच्या खाली आलं. १७२८ च्या पत्रात दहाच्याही आत. राज्य बदललं तशी भाषा कशी बदलली, ते शंभर वर्षांच्या तीन पत्रांत दिसलं. नक्कल करणाऱ्यांनी अवघड फारसी शब्द काढून सोपे मराठी शब्द घातले असते, तर ही मोजणी कधीच करता आली नसती.

२२ खंड, एक माणूस

१८९८ पासून पुढच्या साधारण वीस वर्षांत 'साधनां'चे एकूण २२ खंड निघाले. एका प्रकाशकाने एका गावात काढले असं झालं नाही. जिथे छापखाना आणि आश्रय मिळाला तिथे छापले. कोल्हापूरच्या विष्णू गोविंद विजापूरकरांच्या 'ग्रंथमाले'ने त्यातला मोठा भार उचलला.

राजवाड्यांचं राहणं अगदी साधं. स्वयंपाक हाताने, गरजा जेमतेम, खिशात पैसा नाही. मित्रांच्या आधारावर काम चालायचं, आणि त्याच मित्रांशी भांडणंही व्हायची.

७ जुलै १९१० ला पुण्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. सापडलेले कागद एका जागी राहावेत, लोकांनी ते वाचावेत, त्यावर चर्चा व्हावी, ही कल्पना. मंडळ आजही उभं आहे. राजवाडे मात्र पुढे मतभेद होऊन त्यातून दूर झाले.

रेघ दिसली तिथे वाद झाला

आता दुसरी बाजू. कागद उतरवताना स्वतःला मागे ठेवणारे राजवाडे प्रस्तावना लिहायला बसले की मात्र मागे राहत नसत. तिथे त्यांची मतं ठळक शाईत असायची. काही इतकी धाडसी की आजही वाचून दचकायला होतं. काही सरळसरळ एकांगी, आपल्या जातीच्या चष्म्यातून बघितलेली.

चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्याला केशव सीताराम ठाकरे, म्हणजेच प्रबोधनकारांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' हे अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं. पुराव्याला पुराव्याने आणि शब्दाला शब्दाने. इतिहास लिहिणाऱ्याची जात त्याच्या निष्कर्षात कशी उतरते, ही चर्चा महाराष्ट्रात तेव्हा अशी उघड झाली.

दुसरीकडे याच राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेवर लिहायला घेतलं तेव्हा सनातनी मंडळी खवळली. लग्नाची आजची रूढी अनादी काळापासून नाही, ती बदलत बदलत इथवर आली आहे, असं ते जुन्या ग्रंथांचे आधार देऊन मांडत होते. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' पुस्तकरूपाने आला तो त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

म्हणजे हा माणूस कुठल्याच एका खोक्यात बसत नाही. त्यांच्या मतांपैकी बरीच नंतर मागे पडली, काही चूक ठरली. पण ती चूक ठरवायला लोकांनी वापरले ते अनेकदा राजवाड्यांनीच छापलेले कागद. मत आणि मजकूर त्यांनी वेगळे ठेवले होते, म्हणून हे शक्य झालं. प्रस्तावना बाजूला काढली तरी खंड उरतो.

पण मूळच हरवलं तर?

एका ठिकाणी मात्र हा हिशोब अडतो. ती गोष्ट आहे ज्ञानेश्वरीची.

संत एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तोवर लोकांनी लिहिता लिहिता पाठ बिघडवले होते, भर घातली होती. घरोघरी वाचली जाते ती ज्ञानेश्वरी बहुतांशी या एकनाथी परंपरेतली.

राजवाड्यांना बीडजवळच्या पाटांगण इथून एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा आणि रूपं पाहून ही पोथी एकनाथांच्याही आधीची आहे, असं त्यांचं मत झालं. ती त्यांनी १९०९ साली छापली. त्याच पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या मराठीचं व्याकरणही लिहिलं. मराठी भाषेच्या अभ्यासात ही मोठी घटना होती. पुढे राज्य सरकारने ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली तेव्हा तिच्यासाठीही हीच राजवाडे संहिता पायाला घेतली.

पण ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. तिचं काय झालं याबद्दल वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. उरली आहे ती फक्त राजवाड्यांनी छापलेली प्रत.

यामुळे प्रश्न असा पडतो की छापलेल्या प्रतीतलं एखादं जुनं रूप खरंच पोथीत तसं होतं, की जुनी मराठी अशीच असणार या राजवाड्यांच्या समजुतीतून ते तसं वाचलं गेलं? आधाराची रेघ कुठे संपली आणि अक्षर कुठे सुरू झालं? मूळ समोर असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मूळ नाही, म्हणून अभ्यासक वाद घालत राहिले.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातले मूळ कागद वाचवायला धडपडलेल्या माणसाच्या नावावर अशी एक न मिटणारी शंका राहावी, यापेक्षा मोठा चटका नाही.

खानदेशात याच्या अगदी उलट उदाहरण आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. अशा लेखाची प्रत घ्यायची तर दगडावर ओला कागद थापून बसवतात आणि वरून शाई देतात. कोरलेली अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं होतं. दगडाला तडा असेल तर तोही उमटतो. ठसा घेणाऱ्याला वाटलं म्हणून त्यात एक काना वाढत नाही. शंका आली तर पुन्हा दगडापाशी जाता येतं.

शेवटचा मुक्काम धुळे

राजवाडे धुळ्यातच का आले? कारण इथे त्यांच्या जातकुळीची माणसं होती.

शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. समर्थ रामदासांचं आणि त्यांच्या शिष्यांचं वाङ्मय मठामठांतून गोळा करायचं काम ते करत होते. डोमगावच्या मठातल्या जुन्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. मूळ प्रत गाठल्याशिवाय छापायचं नाही, हा राजवाड्यांचाच बाणा. भास्कर वामन भट हे इतिहासाचे दुसरे जाणकारही धुळ्याचेच.

वय वाढलं तरी राजवाड्यांचा लेखनाचा झपाटा कमी झाला नव्हता. शहाजीराजांच्या काळातलं 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य त्यांनी १९२२ साली लांबलचक प्रस्तावनेसह छापलं. १९२४ साली 'महिकावतीची बखर' आली. धातू आणि शब्दांच्या व्युत्पत्तीच्या चिठ्ठ्या, टिपणं, याद्या यांचे ढीग वाढत होते. संस्कृत आणि मराठी क्रियापदांचं मूळ शोधायचं प्रचंड काम डोक्यात होतं.

ते पुरं व्हायच्या आत, १९२६ च्या शेवटच्या दिवशी, धुळ्यात त्यांचं निधन झालं. वय ६३.

मागे पैसा नव्हता, वारस नव्हता. होते ते कागद. आयुष्यभर दुसऱ्यांच्या माळ्यावर जे चित्र त्यांनी पाहिलं, तेच आता त्यांच्या स्वतःच्या कागदांचं व्हायची भीती होती. पण धुळेकर थांबले नाहीत. काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, भास्कर वामन भट आणि इतरांनी राजवाडे संशोधन मंडळ सुरू केलं. राजवाड्यांनी जमवलेले कागद आणि त्यांची हस्तलिखितं जपणं हे त्याचं पहिलं काम.

मंडळाने 'संशोधक' हे नियतकालिक चालवलं. राजवाड्यांच्या टिपणांतून १९३७ मध्ये धातुकोश आणि १९४२ मध्ये नामादिशब्दव्युत्पत्तिकोश काढला. नव्वदच्या दशकात त्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत आणलं. जुनी हस्तलिखितं आणि शिल्पं आजही मंडळाच्या संग्रहात आहेत.

आज याचं काय?

आता प्रत काढणं म्हणजे मोबाइल वर धरून बटण दाबणं. जुन्या दप्तरांचे फोटो निघतात, स्कॅन होतात. फोटोत मोडीचा प्रत्येक फराटा येतो, कागदाची घडी येते, वाळवीचं भोकही येतं. राजवाड्यांना असा एखादा फोटो मिळाला असता तर ज्ञानेश्वरीचा वाद उरलाच नसता.

पण फोटो वाचायला माणूस लागतोच. शाळांतून मोडी जाऊन सत्तर वर्षं झाली. घरात आजोबांच्या पेटीत निघालेला कागद मालमत्तेचा आहे, कर्जाचा आहे की लग्नाच्या आमंत्रणाचा, हे कितीतरी घरांत आज कुणालाच सांगता येत नाही. सोशल मीडियावर मात्र रोज कुठल्या तरी जुन्या पत्राचा मजकूर फिरत असतो. कुणी उतरवला, कशावरून उतरवला, मूळ कुठे आहे, यातलं काहीच त्यावर नसतं. चार जण पुढे पाठवतात, पाचवा त्यात एक ओळ वाढवतो.

अशा वेळी राजवाड्यांच्या आयुष्यातले दोन धडे उपयोगी पडतात. एक त्यांनी करून दाखवला: मजकूर वेगळा, आपलं मत वेगळं. दुसरा त्यांच्या हरवलेल्या पोथीने दिला: प्रत कितीही चांगली असली तरी मूळ जपून ठेवायचं.

घरात जुना मोडी कागद असेल तर तो लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात ठेवू नका. कोरड्या जागी सपाट ठेवा, चांगला फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याला तो दाखवा. एकेका घरातल्या अशाच कागदांवर ते २२ खंड उभे राहिले आहेत.